आकड्याआधीचं शून्य
आकड्याआधी शून्य दिसलं, की पवनीजवळच्या आमच्या गावतलावाच्या गाळाचा वास नाकात शिरतो. तलावात किती पाणी आहे ते मोबाइलवर दाखवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. खांबावरच्या यंत्रापासून पाणी किती खाली आहे, ते खांबाच्या उंचीतून वजा करायचं, एवढंच. उंची राखणदार काकांच्या वहीत '०२०' फूट होती. डावीकडं कुणी आणखी आकडा घुसवू नये म्हणून ते आधी शून्य ठेवत. मी ती प्रोग्राममध्ये तशीच उतरवली. त्या दुपारी मोबाइलवर पाणी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, चार फूट खाली दिसत होतं, म्हणून मी निवांत जेवत होतो. काकांचा फोन आला, "बाबू, पाणी पाळीवर माह्या पायाले लागून राहिलं! खाली शेतात बाया धानाचा रोवणा करून राहिल्या!" त्या बायांत माझी आई होती. मी उष्ट्या हातानंच पळालो. आई चिखलातून वर आली तेव्हा मी तिचा पदर धरून उभा होतो. पाळ टिकली. प्रोग्राम ज्या संगणकी भाषेत लिहिला होता, त्या भाषेत शून्यानं सुरू होणारी संख्या आठाच्या पद्धतीनं वाचतात, म्हणजे '०२०' म्हणजे दोन आठ. माझे वीस फूट तिनं मुकाट्यानं सोळा धरले होते, म्हणून पाणी चार फूट कमी दिसत होतं, हे नंतर कळलं. चूक तेव्हाच सुधारली, पण आजही पावसात मोबाइल बघून झाला, की मी पाळीवर जाऊन पाय टेकवून बघतो.