मामा गेले आणि रेंजही गेली

सोनाळ्याच्या वर, सातपुड्याच्या दरीत आमच्या तीन वाड्या आहेत आणि तिन्हींत मिळून शहाणा माणूस एकच: मी. (शाळामास्तर असल्यामुळे हा समज मला पगारासोबतच मिळाला होता.)

दरीत मोबाइल लागतो तो खडकावर चढल्यावर; प्रत्येक वाडीचा खडक वेगळा. एका सकाळी मी आमच्या खडकावर असताना पलीकडच्या वाडीतून मामीचा फोन आला. "मामा गेले..." एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली.

मी शिकलेला माणूस. खात्री करून घेणं हे अडाण्यांचं काम! घरी जाऊन आईला तिचा भाऊ गेल्याचं सांगितलं. ती चुलीवरचा तवा तसाच सोडून निघाली. दोघांच्या शेतांमधला धुरा, म्हणजे बांध, कोणी सरकवला यावरून बाबा बारा वर्षं मामांशी बोलत नव्हते, पण तेही मुकाट्याने टोपी शोधू लागले. मधल्या वाडीलाही मी खबर दिल्यामुळे ट्रॅक्टरची ट्रॉली गच्च भरली. इतकं चोख नियोजन माझ्या हातून शाळेत कधी झालं नव्हतं.

मामांच्या अंगणात उतरताच आई मामीच्या गळ्यात पडून रडू लागली. सकाळी धडधाकट बाजाराला गेलेल्या नवऱ्याचं वाटेत काही बरंवाईट झालं आणि आम्ही तीच खबर घेऊन आलोय, असं मामीला वाटलं. तिने असा हंबरडा फोडला की माझी उरलीसुरली शंकाही मिटली.

बाबा ओट्यावर टेकले आणि डोळे पुसत म्हणाले, "माणूस सोन्यासारखा होता. धुरा मीच सरकवला होता, हातभर. त्याले सांगाचं राहून गेलं."

गर्दीत मागून कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काऊन बे, कोण गेलं?"

"मामा," मी मान न वळवता म्हणालो.

"कोणाचा?"

"माझा."

मग मी वळलो. वांग्यांची पिशवी घेऊन मामा उभे होते.

"मामा गेले बाजाराले, काही आणाचं असन तं सांगा," असा मामीचा तो पूर्ण निरोप होता, हे मला नंतर बऱ्याच शिव्यांसोबत कळलं. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं बाबा सांगून पाहत होते. पण ट्रॉलीभर साक्षीदार मीच आणले होते. दुसऱ्या दिवशी धुरा हातभर मागे गेला. आता दोघे मेहुणे त्याच धुऱ्यावर बसून तंबाखू मळतात. याचं श्रेय मला कोणी देत नाही.

उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला. मामा भेटायला आले नाहीत, निरोप मात्र आला: "भाचा खरंच गेला तं कळवजा. पण खबर दुसऱ्या कोणाच्या हातानं धाडजा, त्याच्या नको."