जहाजाला घातलेला हार

काल सुताराकडं सागवानाच्या ताज्या भुशाचा वास आला आणि आमच्या येडशी गावातला तो कार्यक्रम आठवला.

माझ्या थोरल्या भावानं, दादानं, लाकडाचं शिडाचं जहाज केलं होतं. समुद्र त्यानं कधी पाहिला नव्हता. चित्रं बघून फळ्या तासल्या, किटलीच्या वाफेवर वाकवल्या, काडीएवढ्या डोलकाठ्या घासून उभ्या केल्या. जाणत्या माणसानं ते एकदा नीट पाहावं, एवढंच त्याला हवं होतं.

आमच्याकडं पाहणं म्हणजे सत्कार करणं. गावानं जहाज बघायला शहरातल्या एका मोठ्या साहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं. पाहुण्यांना हार घातला, त्यांच्या ड्रायव्हरलाही घातला. उरलेला ओला, मनगटाएवढा जाड झेंडूचा हार पाहुण्यांनी जहाजाला घातला. डोलकाठ्या कडाकडा मोडल्या. टाळ्या पडल्या.

"आता कसं शोभतंय!" पाहुणे म्हणाले.

"व्हय साहेब," दादा म्हणाला आणि फोटो होईपर्यंत मोडकं जहाज हसत धरून उभा राहिला.

तेव्हा मला पाहुण्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्यांनी आमच्या रीतीप्रमाणं सगळं बरोबरच केलं. दादानं पुन्हा रंधा हातात घेतला नाही. गावात आजही त्याची ओळख करून देतात, "ह्यांचा लई मोठा सत्कार झालता." कशाबद्दल, ते कुणी विचारत नाही.