सगळ्या खात्यांचा विलास

विलास गेल्याचं मला त्याच्याच फोनवरून कळलं. रविवारी भर दुपारी स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं, मी नेहमीसारखा "बोल रे" म्हणालो, आणि पलीकडून वंदनावहिनी बोलल्या, "भावोजी, हे गेले." जेवून खुर्चीत टेकला होता, तिथेच. याला आता सहा आठवडे झाले.

लालबागच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर आम्ही वाढलो. त्याचे वडील अण्णा मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, कायम कामगार होते. धागा कुठे तुटला ते मागाच्या आवाजावरून सांगणारा माणूस. माझे बाबा बदली. रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, ज्या खात्यात कोणी आलेलं नसेल तिथे शिरायचं, सगळेच आलेले असले तर भरला डबा घेऊन परत यायचं. कायमवाल्यांचा चाळीत रुबाब होता आणि मला बाबांची लाज वाटायची, हे आज लिहून टाकतो. मग संप झाला आणि आमची मिल पुन्हा उघडलीच नाही. बाबांनी रंगकाम केलं, भाजी विकली, मंडपाचे बांबू बांधले. अण्णांना माग सोडून दुसरं काही येत नव्हतं, आणि त्या वयात शिकायचंही नव्हतं. ते गॅलरीत बसले ते बसलेच. आम्ही तेव्हा सातवीत होतो.

त्यातून आम्ही दोघांनी उलटे धडे घेतले. दादरच्या एका क्लासमध्ये दोघं कॉम्प्युटर शिकलो, पुढे वरळीच्या एकाच कंपनीत लागलो. मी डेटाबेस धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. मला कायम व्हायचं होतं. विलास प्रोग्रॅम लिहायचा, दुसऱ्यांचे तपासायचा, नेटवर्कच्या वायरी ओढायचा, चिडलेल्या गिऱ्हाइकाची समजूतही तोच काढायचा. मी त्याला चिडवायचो, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

"चिंध्यांची गोधडी तरी होते," तो म्हणायचा. "तुझं एकच धोतर. फाटलं की काय करशील?" एकदाच न हसता म्हणाला, "अण्णांसारखं गॅलरीत नाय बसायचं रे मला."

आता जे लिहायला बसलो ते. एका मोठ्या कामाची सगळी आखणी कोणाकडे द्यायची, हे ठरत होतं. विलासला ती जागा मनापासून हवी होती. साहेब पुण्याहून नवे आलेले. त्यांनी मला विचारलं, "हा विलास नक्की कशातला?" मी म्हणालो, "विलास बदली आहे साहेब. कुठेही उभा करा." आमच्या चाळीत बदली म्हणजे ज्याला प्रत्येक खात्यातलं काम येतं तो, असाही अर्थ होता. साहेबांनी दुसरा अर्थ घेतला. दुसऱ्याच्या जागी, तेवढ्यापुरता. जागा दुसऱ्याला मिळाली, आणि पुढे कितीतरी वर्षं जो रजेवर जाईल त्याच्या टेबलावर विलास बसत राहिला.

शब्दाचा घोटाळा झाला असं मी स्वतःला समजावत आलो. पण साहेबांचा चेहरा पाहून मला तिथेच कळलं होतं, आणि मी दुरुस्ती केली नाही. कायमवाल्याचा मुलगा बदली ठरला, याचं मला कुठेतरी बरं वाटलं होतं. हे विलासला कोणी सांगितलं का, मला माहीत नाही. एकदा चहा घेताना मी सुरुवात केली, "विल्या, त्या वेळी साहेबांना मी..." तर म्हणाला, "चहा निवतोय तुझा." पुन्हा माझी हिंमत झाली नाही.

पुढे कंपनीने माझा डेटाबेसच मोडीत काढला आणि पन्नाशीत मला घरी बसवलं. तोवर बायको गेली होती, मुलगी कॅनडात. दादरच्या घरात दिवसभर बोलायला कोणी नसायचं. विलास मात्र शेवटपर्यंत नोकरीत होता, आणि रोज संध्याकाळी सुटला की फोन करायचा. "ये सुऱ्या, नवीन काहीतरी शिकवतो." मी गेलो नाही. त्याच्याकडून शिकायचं मला जड जात होतं. आता संध्याकाळी फोन वाजत नाही. त्याला ठाऊक होतं का, हे विचारायलाही कोणी उरलं नाही.

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "घरातलं इंटरनेट बंद पडलंय, या जरा." मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी गेलो. पाहतो तर सगळं चालू.

"सकाळीच झालं सुरू," त्या म्हणाल्या.

"मग मला कशाला बोलावलंत?"

त्यांनी कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला विलासच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता. गॅस कसा नोंदवायचा, विजेचं बिल कुठे भरायचं, आणि तळाशी, इंटरनेट बंद पडलं तर: "मागचं काळं बटण दहा मोजेपर्यंत दाबून धर. सुरू होईल. झालं तरी सुऱ्याला बोलव. त्याला यातलं काही येत नाही, पण घरी एकटाच असतो."