स्टुलावरची रांगोळी

माझ्या मामीसारखं मन लावून रागावणारं माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचं नाही. बदनापुरात तिचं घर कुणाला विचारावं लागत नाही. दारात स्टूल आणि स्टुलावर रांगोळी दिसली की ते मामीचं. अकरा वर्षांपूर्वी पाण्याचा ड्रम सरकवताना तिच्या कमरेत चमक भरली आणि त्या दिवसापासून मामी वाकली नाही. मामांनी बिचाऱ्यांनी सगळं घर कमरेएवढं उंच करून दिलं. तुळस ओट्यावर चढली, माठ टेबलावर गेला. रांगोळी जमिनीवरच काढतात, असं तिच्या सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मामीचं उत्तर तयार होतं, "मंग जमीनच वर आना." मामांनी शहाबादी फरशीचा तुकडा आणून स्टुलावर ठेवला. तिला कुणाच्या पाया पडायचं असेल तर वडीलधाऱ्यांना पलंगावर उभं राहावं लागे. घनसावंगीच्या चुलत सासऱ्यांनी तिथून आशीर्वादाला हात उचलला आणि तो पंख्याला लागला. मामीने पंख्याला झापलं.

तपासण्या चांगल्या आल्या की ती जास्तच भडकायची. "रिपोर्ट चांगला आला म्हनून पेढे वाटू का? कंबर तर दुखून राह्यली." नातेवाईक आपसात म्हणत, नाटकं आहेत, कामं टाळायची. मला त्यांचा आजही संताप येतो, पण बोलायला तोंड नाही. कारण एकदा तिचे कागद चाळून मीही शहाणपणा केला होता, "मामी, हे मनाचंच दिसतंय." तिने माझ्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला आणि चार महिने माझ्याशी बोलली नाही.

पाचव्या महिन्यात तिचाच फोन आला. "मनाचं हाय म्हनलास ना? मंग चल, मनाच्या डॉक्टरकडं तूच घेऊन चल." जालन्याच्या त्या डॉक्टरबाईंनी तासभर ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, जखम कधीच भरली आहे, पण मेंदूने पहारा सोडलेला नाही. वाकणं म्हणजे धोका, हे त्याने पाठ करून ठेवलंय. त्याला हळूहळू दुसरं शिकवायचं.

"म्हंजे माझं दुखनं खोटं हाय का बाई?"

"अजिबात नाही. दुखतं ते खरंच दुखतं."

मामीने मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की मला खुर्चीत बसवेना.

घरी स्टूल काढून टाकलं. मामांनी विटांचे थर रचून त्यावर फरशी ठेवली. आठवड्याला एक थर काढायचा, मामीने तेवढंच जास्त वाकायचं. ती मेंदूशी शेजाऱ्याशी भांडावं तसं भांडे. "वाकून राह्यले रे गाढवा, मरून न्हाई राह्यले." कधी कंबर धरली की दोन थर पुन्हा चढत आणि त्या दिवशी मामांना स्वयंपाकघरात प्रवेश नसे. दुखतं तेव्हा मनात काय येतं ते वहीत लिहायला बाईंनी सांगितलं होतं. मामीने नावं लिहिली. तिसरं माझं होतं.

परवा गेलो तर फरशी जमिनीला टेकलेली, आणि मामी एक हात गुडघ्यावर ठेवून ओणवी, ठिपके टाकत होती.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखतंय. आधीएवढं न्हाई. पन दुखतंय."

"खरं आहे, मामी. तेव्हाही खरंच होतं. चुकलं माझं."

ती रेघ पुरी करून सावकाश उठली. चहा आला आणि या वेळी माझ्यापुढेच राहिला. मी हळूच विचारलं, वहीतलं माझं नाव खोडलं का.

"न्हाई," ती म्हणाली. "कंबर बरी होऊन राह्यली. नावाला टाइम लागंल."

मी चहा संपवला आणि निघताना रांगोळीला वळसा घालून गेलो.