आबांची दारू सुटली तेव्हा

महाराजांच्या चित्तेखान्यात माझे वडील चित्तेवान होते. चित्ता माणसाळवायचा, डोळ्यांवर टोपी घालून त्याला बैलगाडीतून माळावर न्यायचा आणि काळवीट दिसलं की टोपी काढून सोडायचा, हे त्यांचं काम. शिकारीच्या आदल्या दिवशी चित्त्याला उपाशी ठेवतात. पोट भरलेलं जनावर पळत नाही, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं.

साठी उलटल्यावर आबा नेमकं तेच विसरले. महाराजांच्या पाहुण्यांसमोर चित्ता गाडीवर बसून जांभया देत राहिला. "म्या खायाला घातलंच न्हाई," आबा शपथेवर सांगत होते. आदल्या दुपारी त्याच्यासाठी मटण तोडताना मी त्यांना पाहिलं होतं.

चित्तेखान्याचे दारोगा मला म्हणाले, "दारू आन् चिलीम सुटली तर घेऊन ये त्यास्नी. न्हाईतर चित्ता दुसऱ्याच्या हाती जातोय."

चित्त्यावाचून आबा जगतील असं मला वाटत नव्हतं. सगळा राग मी दारूवर काढला. तिनंच त्यांचं डोकं पोखरलंय, अशी माझी खात्री होती. नवरा गेल्यापासून मी माहेरीच होते, वेळ भरपूर होता. चिलीम उंबऱ्यावर आपटून फोडली आणि दारातच ठाण मांडलं. आबांनी मला कैदाशीण म्हणण्यापासून सुरुवात केली. मीही काही मुळूमुळू रडणारी नव्हते, ऐकलं तेवढं परत केलं.

महिन्याभरात त्यांचे हात कापायचे थांबले. भाकरी दीडाची दोन झाली. विसरणं मात्र होतं तसंच. शेजारीण म्हणाली, "दम धर की. पी हळद अन् हो गोरी, असं असतंय व्हय?" मी दम धरला.

तीन महिने झाले असतील. मी भाकऱ्या थापत होते. आबा मागं येऊन उभे राहिले. "पोरी, माजी बाटली कुठं हाय?"

पुन्हा तेच भांडण नको म्हणून तोंडाला आलं ते बोलले, "आत्ताच न्हाई का घेतलीसा, आबा?"

आता शिव्यांचा पट्टा सुटणार म्हणून मी वाट बघत होते. आबांनी मिशांवरून हात फिरवला. "व्हय की," म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

माझ्या हातातली भाकरी परातीत तशीच राहिली. त्या क्षणी आबांनी मला खोटारडी म्हणायला हवं होतं. मी देवाकडे दुसरं काही मागितलं नसतं.

पुढं रोज तेवढं एक वाक्य पुरायचं. दारोगांकडे मी त्यांना नेलं नाही, आणि आबांनीही चित्त्याबद्दल कधी विचारलं नाही.