वाचनालयातलं गाऱ्हाणं

भाषणानंतर आभार मानायला उठणारा माणूस मला कधीच सोसला नाही. वाचनालयाच्या व्याख्यानांचा पॉडकास्ट माझ्या हातात आला, तेव्हा मी पहिली कात्री आभारांवर चालवली. मग प्रास्ताविक गेलं, ‘हॅलो, हॅलो, पाठी ऐकाक येता?’ गेलं, खुर्च्यांची ओढाओढ गेली. आमच्या अध्यक्षांचा खोकला तर मी इतक्या वेळा कापला की तो मला झोपेतही ओळखता आला असता.

आमचं गाव आचऱ्यापासून मिठबावकडे जाताना लागतं. वाचनालय म्हणजे एक लांब खोली, कौलांखाली दोन पंखे आणि खिडकीतून येणारा समुद्राचा आवाज. मी तिथे ग्रंथपाल. पुस्तकं देणं, वर्तमानपत्रं लावणं, पावसाळ्यात वाळवी शोधणं आणि पाहुणे आले की चहा सांगणं, हे सगळं त्या एका शब्दात बसतं. दर थंडीत आमच्याकडे व्याख्यानं होतात. माणसं कमी यायला लागली, तेव्हा कमिटीत ठरलं की भाषणं रेकॉर्ड करून फोनवर ऐकता येतील अशी ठेवायची. हे काम कोणी करायचं असं विचारल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. कणकवलीहून एक रेकॉर्डर, कॉलरला लावायचा माईक आणि कानावर घट्ट बसणारे हेडफोन आणले आणि पन्नाशीला आलेली मी लॅपटॉपवर आवाज कापायला शिकले.

पहिल्यांदा ते हेडफोन लावले तो दिवस मला आठवतो. खाडीतल्या खेकड्यांवर बोलून गेलेल्या एका प्राध्यापकांचं भाषण होतं. मी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसले होते, पण कानात जे आलं ते मी ऐकलेलंच नव्हतं. एका मासेवालीने प्रश्न विचारला होता, तेव्हा आम्ही हसलो होतो. आता कळलं, ती विचारायच्या आधी दोनदा श्वास घेऊन थांबली होती आणि तिचा आवाज कापत होता. प्राध्यापक केव्हाच आपल्या गावी पोचले होते, मासेवाली बाजारात बसली होती, आणि त्या दोघांचे श्वास माझ्या कानात होते. मला इतकं नवल वाटलं की मी चहा गार केला. ते नवल अजून ओसरलेलं नाही.

तरी कापायची खोड काही गेली नाही. लॅपटॉपवर एक बटण होतं. ते दाबलं की पंखा, कावळे, समुद्र, सगळं पुसून नुसता बोलणाऱ्याचा आवाज उरायचा. पुण्याचे श्रोते लिहायचे, ‘आवाज किती स्वच्छ!’ आणि मी दिवसभर मिरवायची.

आमच्या गावात देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान एका घराकडे आहे. त्या घरातले काका चाळीसेक वर्षं गावासाठी गाऱ्हाणं घालत आले. कोणाचं लग्न जमत नसो, कोणाची होडी नवी पाण्यात जायची असो, नारळ ठेवून काका देवाला सगळं नीट समजावून सांगत, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. एरवी काका एसटीत कंडक्टर होते. गाडी सोडायला त्यांना घंटीची दोरी ओढावी लागत नसे, इतका त्यांचा गळा मोठा. लहानपणी मला वाटायचं, देव जर ऐकत असेल तर यांचंच ऐकत असेल, कारण न ऐकून सांगतो कोणाला.

त्याच गळ्यात गाठ निघाली. गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल; माणूस वाचेल, आवाज जाईल. हे ऐकल्यापासून काका गप्प झाले. ऑपरेशन करू असंही म्हणेनात, नको असंही म्हणेनात. काकी एकदा वाचनालयाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पुस्तक घ्यायला त्या कधीच येत नसत, म्हणून मी उठले. त्या म्हणाल्या, मुलगा मुंबईहून रोज फोन करतो, डॉक्टरांनी दिवसही दिलाय, पिशवी भरून ठेवलीय.

‘पण ह्येनी अजून व्हय म्हणूक नाय गो,’ त्या म्हणाल्या. ‘मी ओढून न्हेलंय, असां होताला.’

 यावर मला सुचला तो एपिसोड. खोटं कशाला बोलू? हा आवाज जायच्या आधी माझ्या रेकॉर्डरमध्ये यायला हवा, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात आलं. मी काकांना मुलाखतीचं विचारायला गेले. ते तयार झाले, पण अट घातली: बंद खोलीत बोलणार नाही, माणसं समोर हवीत.

गोव्याला जायच्या आठवडाभर आधी, संध्याकाळी पाच वाजता मुलाखत ठेवली. व्याख्यानाला न फिरकणारा गाव त्या दिवशी खिडक्यांपर्यंत भरला होता. बायका दाराशी, काकी अगदी मागे. काकांच्या कॉलरला मी माईक लावला. आवाज घोगरा झाला होता, पण बोलले भरभरून. घाटातली बंद पडलेली गाडी, वडिलांनी गाऱ्हाणं कसं शिकवलं, एकदा चुकून भलत्याच माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी पाऊस कसा मागितला, असं सगळं. माणसं पोट धरून हसली. मग मी माझ्या यादीतला शेवटचा प्रश्न काढला. म्हटलं, ऐकणाऱ्यांसाठी नमुना म्हणून एक गाऱ्हाणं घाला ना.

काका माझ्याकडे बघतच राहिले. अडाण्याकडे बघावं तसे.

‘नमुनो म्हणान गाऱ्हाणां घालूक येणा नाय, बाय,’ ते म्हणाले. ‘कोणासाठी घालूचां? काम काय? तां आधी सांग.’

माझे कान गरम झाले. या गावात जन्मून मी देवाला माईक टेस्टिंग करायला सांगत होते.  आणि कोणासाठी, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी म्हटलं, तुमच्यासाठीच घाला. त्यावर काकांनी मान हलवली. आपलं आपण घालायचं नसतं, दुसऱ्याने घालायचं, असं म्हणून ते समोरच्या माणसांकडे बघायला लागले. एकही बाप्या उठला नाही. काकांच्या समोर गाऱ्हाणं घालायचं म्हणजे काय, हे सगळे जाणून होते. कोणी चपला शोधत होता, कोणी छताकडे बघत होता. काकांच्या सत्कारासाठी आणलेला नारळ टेबलावर शालीशेजारी होता. तो उचलून मी त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि उभी राहिले. आमच्याकडे बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही. पण आमच्या वाचनालयात तशी पाटी लावलेली नाही.

‘बा देवा म्हाराजा,’ मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला परका वाटला.

‘व्हय म्हाराजा,’ खोली म्हणाली.

‘ह्या मानसान आजपर्यंत सगळ्या गावाचां तुझ्याकडे मागलां. सोताचां कायएक मागूक नाय.’

‘व्हय म्हाराजा.’

‘आज आमी सगळी लेकरां तेच्यासाठी मागतो. तेका गोव्याक धाडतो. थयसून तेका सुखरूप घराक घेवन ये रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा!’

आवाज राहू दे, असं मी मागितलं नाही. धीर झाला नाही. काका मान खाली घालून बसले होते. मी खाली बसले, कोणीतरी चहाची किटली आणली आणि कार्यक्रम संपला.

दुसऱ्या दिवशी मी एपिसोड करायला घेतला. सवयीप्रमाणे ते बटण दाबलं. माणसं माईकपासून लांब होती, म्हणून त्यांचं ‘व्हय म्हाराजा’ त्या यंत्राने पंखा-कावळ्यांतच जमा केलं. फाटके तुकडे उरले होते, ते मी हाताने कापले. शेवटी माझं वाक्य संपलं तिथेच फाईल तोडली. नुसतं माझं गाऱ्हाणं राहिलं, घासलेल्या भांड्यासारखं लखलखीत. नेहमीप्रमाणे कौतुकाची पत्रं आली.

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवड्यांनी काका घरी आले, गळ्याला पांढरी पट्टी, हातात नातवाची पाटी. मी भेटायला गेले. मला बघून त्यांनी पाटी ओढली आणि आधी तब्येतीचं वगैरे न लिहिता लिहिलं: ‘लोकांचां व्हय खंय गेलां?’

मला समजेना. काकींनी सांगितलं, गोव्याला जायच्या आदल्या दिवशी काकांनी फोनवर एपिसोड ऐकला होता. माझ्या प्रत्येक वाक्यानंतर ते थांबायचे, फोन कानाशी न्यायचे, पुन्हा खाली ठेवायचे. शेवटी त्यांनी फोन उपडा ठेवला. गाऱ्हाणं घालणारा एकटाच बोलत राहिला तर ती नुसती बडबड होते. माणसांनी होकार दिला तरच ते देवापर्यंत पोचतं. हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी अर्धं गाऱ्हाणं जगभर पाठवलं होतं, आणि तेच ऐकून हा माणूस गळा कापून घ्यायला गेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकी मला बेड्यापर्यंत, कुंपणाच्या दारापर्यंत, सोडायला आल्या. तिथे हळूच म्हणाल्या, ‘घराक इलेसून माझ्याकडे धड बघणत नाय. माझ्याच हट्टापायी गेले मा. शेवटपर्यंत व्हय म्हटल्यानी नाय.’ पाटीवर विचारून बघा, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, विचारायची भीती वाटते.

मी धावतच वाचनालयात आले. रेकॉर्डरमधलं कार्ड मी पुढच्या कार्यक्रमाआधी पुसून घेते. शनिवारी कार्यक्रम होता, आज गुरुवार. कार्ड घातलं. फाईल होती. मी हेडफोन लावले आणि त्या बटणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आधी समुद्र आला. मग पंखा. मग माझं ‘बा देवा म्हाराजा’, आणि त्यामागून सगळा गाव. मी ते परत परत ऐकलं आणि एकेक माणूस वेगळा करता यायला लागला. शिंप्याचा आवाज खालचा, शाळेच्या बाईंचा किंचित आधीच येणारा, दारातल्या बायकांचा उंच. अध्यक्षांचा तो मेला खोकलाही होता, ‘व्हय’ आणि ‘म्हाराजा’च्या मधोमध. एवढी माणसं एका माणसासाठी एका श्वासात काही मागतात, हे मी त्या खोलीत उभी असूनही ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली.

शेवटचं ‘व्हय म्हाराजा’ विरलं. खुर्ची सरकली, कोणी नाक ओढलं. मी थांबवणारच होते, इतक्यात कानाच्या अगदी आत, माझ्याच डोक्यात कोणी बोलावं इतक्या जवळ, घोगरा आवाज आला.

‘व्हय म्हाराजा.’

 कॉलरचा माईक चालू होता. सगळे बोलून झाल्यावर, मान खाली घातलेली असताना, काका बोलले होते. खोलीत कोणालाच ते ऐकू गेलं नव्हतं, शेजारी बसलेल्या मलाही नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांकडून होकार घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाऱ्हाण्याला होकार दिला होता, आणि मी तो शेपटाकडचा कचरा म्हणून कापून टाकला होता.

मी संध्याकाळपर्यंत एपिसोड बदलला. काहीही कापलं नाही. आभारसुद्धा ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी छोटा स्पीकर घेऊन त्यांच्याकडे गेले. काका घरापुढच्या खळ्यात खुर्चीवर होते, काकी सुपात कुळीथ पाखडत होत्या. काय आहे ते मी सांगितलं नाही, नुसतं गाऱ्हाण्यापासून लावलं. पहिल्या वाक्याला गावाच्या बरोबरीने काकीही ‘व्हय म्हाराजा’ म्हणाल्या, हात न थांबवता. दुसऱ्याला कुंपणापलीकडून, माडाच्या आळ्यात पाणी घालणारी शेजारीणही म्हणाली. कोणी ठरवलं नव्हतं. गाऱ्हाणं कानावर आलं की आमच्याकडे तोंडातून आपोआप येतं. काकांचे ओठ मिटलेले होते, पण तळवा खुर्चीच्या हातावर पडत होता.

शेवटचं झालं. काकींनी सूप पुढे ओढलं. मी उगाच बटणाकडे हात नेल्यासारखं केलं, तर काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांना माहीत होतं, अजून आहे.

खुर्ची सरकली, कोणी नाक ओढलं, आणि काकांचा आवाज खळ्यात आला.

सूप थांबलं. काकी स्पीकरकडे बघत राहिल्या, मग काकांकडे. तीन आठवड्यांत त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता, आणि आता ऐकला तो नेमका त्या एका शब्दाचा.

‘ह्यां कधी म्हटलात?’ त्यांनी विचारलं.

काकांनी पाटी घेतली नाही. स्पीकरकडे बोट दाखवलं, मग काकींच्या डोळ्यांत नीट बघून मान हलवली.

‘परत लाव गो बाय,’ काकी म्हणाल्या.

मी परत लावलं. कुंपणापलीकडून पुन्हा ‘व्हय म्हाराजा’ आलं. काकींनी मात्र या खेपेला गावाबरोबर तोंड उघडलं नाही. सूप मांडीवर ठेवून त्या शेवटाची वाट बघत बसल्या.