उजवीकडची बासुंदी सॉफ्टी कुणाची होती

मंडळी, दुपारपासून मान वर करवत नाही, म्हणून इथं लिहितोय.

आमच्या दुकानात सॉफ्टीचं मशीन आलंय. कुठली बासुंदी सॉफ्टी विकायची हे ठरवायला आज मित्रांना चव बघायला बोलावलं. मशीनच्या एका बाजूला कंपनीच्या पाकिटातलं मिक्स, दुसऱ्या बाजूला माझ्या बायकोनं, सारिकानं, म्हशीचं दूध आटवून केलेलं. दोन्ही तिनंच भरली होती.

सगळ्यांना उजवीकडची आवडली. कुठलं कुठं भरलंय हे तिला न विचारताच मी छाती काढून म्हणालो, "हे कंपनीचं. घरात आटवलेल्या दुधाला ही चव येतीय व्हय?"

सगळे हसले. एकानं सारिकाला विचारलं, "वहिनी, डावीकडची तुमची काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "व्हय, माझीच," म्हणाली आणि चमचे धुवायला आत गेली.

मित्र गेल्यावर उजवीकडं भरायला मी नवीन पाकीट फोडत होतो. तिनं हात धरला. "तिकडं पाकीट न्हाय. ते माझं हाय."

"मग मघाशी का बोलली न्हाईस?"

"चारचौघांत तुमचं तोंड पडलं असतं की."

आणि मी त्याच चारचौघांत तिचं हसं केलं होतं.

मी माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली. पण दुपारी हसलेले सगळे या ग्रुपवर आहात. उद्या दुकानात येऊन, तुम्हाला कुठली आवडली ते तिला सांगाल का?